पेटंटची प्रोव्हिजनल टाकताय? आधी सीक्वेन्स आत घाला

पुण्यात बायोटेकवाले बरेच जण कॉन्फरन्सच्या आदल्या रात्री दोन पानांची प्रोव्हिजनल (पेटंटचा प्राथमिक अर्ज) फाइल करून मोकळे होतात आणि म्हणतात झालं, तारीख मिळाली. तारीख (शोध नवा आहे का हे ज्या दिवसापर्यंतचं बघून ठरवतात ती) मिळते हो, पण फक्त त्या दोन पानांत जे लिहिलंय त्याचीच!

म्हणजे बघा, आत नुसतं "प्रोटीन तोडणारं एन्झाइम" लिहिलं आणि त्याचा अमिनो अॅसिड सीक्वेन्स (क्रम) १० महिन्यांनी कम्प्लीटमध्ये (नंतरच्या पूर्ण अर्जात) घातला, तर सीक्वेन्सच्या क्लेमला (हक्काच्या मागणीला) तारीख कम्प्लीटचीच धरली जाऊ शकते, आणि मधल्या काळात तुमचंच पोस्टर कुठे लागलेलं असेल तर तेच आडवं येतं, युरोपात तर हमखास. त्यामुळे सीक्वेन्स, म्युटेशनच्या जागा, अॅसेचे (चाचण्यांचे) आकडे, अगदी अर्धवट असले तरी, पहिल्याच फायलिंगमध्ये कोंबा. भाषा ओबडधोबड असली तरी चालते.

नवा स्ट्रेन (सूक्ष्मजीवाचा वाण) असेल आणि नुसत्या वर्णनावरून दुसऱ्याला तो मिळण्यासारखा नसेल तर फायलिंगच्या आधी त्याचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात डिपॉझिट करा. त्यासाठी चंदीगडला जायला नको, आपल्या पुण्यातलं एनसीएमआर (सूक्ष्मजीवांचं राष्ट्रीय केंद्र) बुडापेस्ट करारात (पेटंटसाठीच्या अशा डिपॉझिटचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यताप्राप्त आहे. पण तिथे व्हायेबिलिटी (नमुना जिवंत आहे का) वगैरे तपासतात, वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यात पळू नका.

आणि हो, कम्प्लीटसाठी १२ महिने म्हणजे १२च, ते चुकलं की अर्ज सोडून दिलाय असंच धरतात. परदेशात प्रायॉरिटी (इथली आधीची तारीख) क्लेम करायचीही मुदत तेवढीच, आणि तीही प्रोव्हिजनलपासूनच मोजतात.