दिवाळी अंकाची कथा अडली, तर या चुका टाळा

का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून रुजलेल्या या परंपरेमुळे अनेक मराठी कथालेखकांचे वर्ष संपादकांच्या निमंत्रणाभोवती फिरते. निमंत्रण आले की होकार कळवला जातो, पहिली दोन-तीन पाने झरझर लिहून होतात आणि मग कथा जागची हलत नाही. अशा वेळी लेखक जे उपाय करतो, त्यांतले काही अडथळा वाढवणारेच असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कथा जिथे थांबली तिथेच दोष आहे असे समजून त्याच परिच्छेदाशी दिवसेंदिवस झटत राहणे. दोष बहुधा मागे असतो. एखादा निर्णय लेखकाने नकळत टाळलेला असतो आणि तो घेतल्याशिवाय पुढचे वाक्य खरे उतरत नाही. समजा, गणपतीसाठी मुंबईहून कोकणातल्या घरी आलेल्या भावाला बहिणीची हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. आरती झाली, जेवणे आटोपली, बहीण समोर येऊन बसली आणि इथे कथा अडली. संवाद कितीही तऱ्हांनी लिहिला तरी कृत्रिमच वाटतो, कारण भावाच्या बॅगेतल्या कागदाची बहिणीला आधीपासून कुणकुण आहे की नाही, हेच लेखकाने ठरवलेले नसते. कुणकुण असेल, तर पहिल्या पानावर त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देताना तिने विचारलेले “किती दिवस आहेस?” हे नुसती विचारपूस राहत नाही. नसेल, तर अंगणातल्या फणसाखाली पुढच्या मे महिन्यात मुलांना आणायचे तिचे बेत भावाला ऐकवत नाहीत, आणि सहीचा विषय काढणे त्याला जड जाते. एवढे ठरले की आधीची चार वाक्ये बदलावी लागतात, पण अडलेला संवाद पुढे सरकतो. म्हणून कथा थांबली की वेगळा कागद घ्यावा आणि त्या क्षणी प्रत्येक पात्राला काय ठाऊक आहे, काय हवे आहे आणि ते काय लपवत आहे, हे साध्या वाक्यांत लिहून काढावे. माझ्या मते याहून उपयोगी दुसरा उपाय नाही.

मूड लागण्याची वाट पाहणे ही तितकीच जुनी चूक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा प्रयोगात, ठरल्या वेळी लिहिणे भाग पडलेल्या प्राध्यापकांना, मनात येईल तेव्हाच लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक नव्या कल्पना सुचल्या. नोकरी आणि घर सांभाळून लिहिणाऱ्याने रोजचा अर्धा तास ठरवावा आणि त्या वेळात निदान एक कच्चा परिच्छेद तरी उतरवावा.

मात्र हा अर्धा तास पहिल्या पानावरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात घालवू नये. पहिला खर्डा पुरा होईपर्यंत शुद्धलेखनाकडे वळूच नये, कारण तपासलेला प्रसंगच पुढे गाळावा लागण्याची शक्यता असते. कथा लिहून होण्याआधी ती मित्रमंडळींना रंगवून सांगणेही टाळावे, कारण सांगून झालेली गोष्ट पुन्हा लिहिण्याची ओढ अनेकांना उरत नाही.

प्रत्येक थांबणे कथेतल्या दोषामुळेच असते असेही नाही. झोप पुरी होत नसेल किंवा घरात आजारपण असेल, तर आधी विश्रांती घ्यावी. लिहिण्याबरोबरच जेवण, माणसे, वाचन अशा सगळ्यांतूनच मन उडाले असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले असेल, तर डॉक्टरांना भेटावे; तिथे लेखनाचे उपाय पुरे पडत नाहीत.

मुदत टळणार असे दिसू लागले, की संपादकांचे फोन टाळण्याची चूक तर मुळीच करू नये. त्यांना पानांची आखणी करायची असते, चित्रकाराला कथा वाचून रेखाटन करायचे असते आणि छपाईची तारीख ठरलेली असते. किती भाग लिहून झाला आहे, उरलेला केव्हा देता येईल आणि कथा अंदाजे किती शब्दांची होईल, एवढे वेळेवर कळवले, तर संपादकांना तेवढी पाने राखून ठेवता येतात किंवा दुसरी कथा मागवता येते.