वळवताना घासणारे ऑल-टेरेन टायर: माझा अनुभव

मोठ्या एसयूव्हीला नवे ऑल-टेरेन (पक्का रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे) टायर बसवल्यापासून स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना पुढच्या चाकातून खरखर येई आणि चाकावरच्या कमानीतील प्लास्टिकवर काळा चकचकीत पट्टा उमटे. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) दोनदा केले, प्लास्टिकही थोडे कापले. मनस्ताप तेवढा वाढला.

दाराच्या खांबावरील स्टिकरवर २६५/६५ आर १७ हे माप होते, बसवलेले मात्र २८५/७० आर १७, म्हणजे व्यास ७७६ ऐवजी ८३१ मिलिमीटर. स्पीडोमीटरही त्यामुळेच कमी वेग दाखवत होता. प्रथम मूळ मापाचे ऑल-टेरेन टायर निवडले, मग त्यांचा लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) मूळच्या ११२ पेक्षा, म्हणजे प्रति टायर ११२० किलोपेक्षा, कमी नाही हे टायरवरच वाचले, टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे हवा भरली आणि शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिले. खरखर थांबली.