नुसतं सांगून सवय लागत नाही: वॉर्डात आणि घरात या चुका टाळा

सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी बावीस वर्षं परिचारिका होते. आमच्या वॉर्डाच्या दारावर 'हात स्वच्छ धुवा' अशी मोठी पाटी होती आणि बेसिन होतं व्हरांड्याच्या पार टोकाला. प्रत्येक पेशंटनंतर तिथवर जाऊन यायचं म्हटलं तर सकाळच्या इंजेक्शनांना दुपार व्हायची. तरीही बरीच वर्षं मी नव्या मुलींना 'तुम्हाला कळत कसं नाही' म्हणून रागवत राहिले. पुढे सॅनिटायझरची एक बाटली ट्रॉलीवर आणि एकेक पलंगाच्या पायथ्याशी अडकवली. मग त्याच मुली न सांगता हात चोळू लागल्या.

पहिली चूक: माणसाला दोष देणं, जागा न बघणं

कोणी नियम पाळत नसेल, तर तो पाळायला किती पावलं चालावं लागतं ते आधी मोजा. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायचे पाच क्षण सांगितले आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त किंवा लघवीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त सुटतो तो शेवटचा. चादर सरळ केली, सलाईनचा स्टँड सरकवला, 'पेशंटला कुठे शिवले' असं वाटतं आणि आपण तसेच पुढच्या पलंगाकडे जातो. म्हणून बाटली तिथेच, हाताशी हवी. चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात.

पाटीवर काय लिहिता यानेही फरक पडतो. अॅडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात दोन पाट्या लावून पाहिल्या. एकीवर हात धुतल्याने तुम्ही आजारापासून वाचता असं होतं, दुसरीवर पेशंट वाचतो असं. 2011 साली त्यांनी निष्कर्ष मांडला की पेशंटचं नाव घेणाऱ्या पाटीपाशी साबण आणि जेल जास्त खपलं. 'मला काय होतंय' असं आपल्याला नेहमीच वाटतं, समोरच्या आजारी माणसाबद्दल तसं वाटत नाही.

चूक झाकावी लागेल असं वातावरण

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. आपल्याकडे अख्खी वाडी एका आडनावाची असते. वॉर्डात शेजारी शेजारी दोन परब आजी होत्या. मी एकीची गोळी हातात घेऊन विचारलं, "परब आजी ना?" त्या "होय गो" म्हणाल्या. गोळी दुसरीची होती. सुदैवाने त्रास झाला नाही, पण वरिष्ठ ओरडतील या भीतीने मी ते दोन दिवस कोणाला बोलले नाही. त्या दोन दिवसांत तीच चूक दुसऱ्या पाळीतल्या सिस्टरच्या हातूनही होऊ शकली असती. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारू नका. म्हातारं माणूस, त्यात कमी ऐकू येणारं, हो म्हणतंच. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणा आणि ते केसपेपरवरच्या नावाशी आणि वयाशी ताडून बघा. आणि इन्चार्ज असाल तर चूक सांगायला आलेल्या मुलीला आधी खुर्ची द्या. 'कोणी केलं' पेक्षा 'कसं झालं' हा प्रश्न आधी.

यादी भरणं म्हणजे काम झालं असं समजणं

ऑपरेशनच्या आधी वाचायची 19 मुद्द्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. पण कॅनडातल्या ओंटारियोत ती सक्तीची केल्यावर, 2014 च्या अभ्यासात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. यादी मोठ्याने वाचताना सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं तरच तिचा उपयोग. एकट्याने कोपऱ्यात बसून खुणा केल्या तर तो नुसता कागद.

पेशंट हाक मारेल यावर विसंबणं

पावसात ओल्या छत्र्या आणि चपलांनी फरशी निसरडी होते. रात्री लघवीला लागली तर हाक मारा असं सांगितलं, तरी आपली माणसं मारत नाहीत. सिस्टरला कशाला त्रास, म्हणून एकटी उठतात आणि पडतात. झोपायच्या आधी मावशींनी स्वतः जाऊन "चला, जाऊन येऊ" म्हणावं.

घरी गेल्यावर

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची भीती. उंदराच्या आणि जनावरांच्या लघवीतले जंतू पाण्या-चिखलातून पायाच्या जखमेवाटे शिरतात. गमबूट घाला म्हणणाऱ्याने एकदा चिखलात उतरून बघावं, बूट तिथेच रुतून बसतो. त्यापेक्षा जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी आणि घरी आल्यावर साबणाने पाय धुणं, एवढं तरी नक्की होतं. डॉक्टरांनी लेप्टो टाळायला आठवड्याची डॉक्सीसायक्लिनची गोळी दिली असेल, तर 'आठवड्यातून एकदा' एवढंच सांगू नका. 'आठवडा बाजाराच्या दिवशी, दुपारी जेवल्यावर, तांब्याभर पाण्याबरोबर' असं सांगा. लगेच आडवं होऊ नये. गरोदर बाई आणि लहान मूल यांना ती परस्पर देऊ नये. आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि चिखलात काम केल्याचं आपणहून सांगा.

मिठाचंही तसंच. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपलं सुकट, खारवलेले बांगडे, लोणचं, पापड यांतच ते संपतं. त्यावर पानात डावीकडे मीठ आपोआप वाढलं जातं. ते आधी वाढू नका, मागेल त्यालाच द्या. बहुतेक जण मागत नाहीत.

बीपीच्या गोळ्यांबद्दल ऐकू येतं, "आता बरा वाटता, मग गोळी कशाक?" यावर वाद घालत बसू नका. गोळ्यांचा डबा देवघराजवळ, काडेपेटीच्या बाजूला ठेवा. सकाळची दिवाबत्ती चुकत नाही, मग गोळीही चुकत नाही. 21 दिवसांत सवय लागते हे मात्र खरं धरू नका. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस लागले, कोणाला 18 तर कोणाला 254 इतके अंदाजले गेले, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. तेव्हा गणपतीत पाहुण्यांच्या गडबडीत गोळी राहिली तर आजीला बोलू नका. फक्त दुसऱ्या दिवशी तिला दोन एकदम घेऊ देऊ नका.