रंगीत कपड्यांसाठी धुण्याची पावडर कशी निवडावी? आधी हळदीचा कागद करा

पांढऱ्या शर्टावरचा आमटीचा पिवळा डाग साबण लागताच लाल होतो, हे सांगलीत कुणाला सांगायला नको. हळद सोड्याला अशी लगेच ओळखते. धुण्याच्या बहुतेक पावडरींत सोडा असतोच, कारण तेलकट मळ सुटायला त्याची मदत होते. पण सुती कापडातल्या रंगाची पकडही तोच सैल करतो, गरम पाण्यात तर जास्तच. रेशीम आणि लोकरीच्या धाग्यालाच तो बाधतो. म्हणून रंगीत कपड्यांसाठी पावडर घेताना फेस आणि वास बाजूला ठेवा, सोड्याचा जोर बघा. तो घरच्या घरी कळतो.

१. हळदीची पट्टी

चमचाभर हळद मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये कालवा. पाणीही चालेल, पण स्पिरिटमध्ये रंग चांगला उतरतो. हळद भेसळीची नको. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा इथं तरी चांगली हळद मिळायला अडचण नाही. पांढऱ्या कागदावर ती फासा, सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा.

आता मोठा पुडा न आणता दोन-चार कंपन्यांचे छोटे पाउच आणा. प्रत्येक वाटीत सारखंच पाणी आणि एकेक चमचा पावडर किंवा लिक्विड घ्या. एक वाटी नुसत्या पाण्याची ठेवा, म्हणजे पाण्याचा स्वतःचा परिणामही कळेल. एकेक थेंब पट्टीवर सोडा. पट्टी क्षणात गडद विटकरी झाली, तर ती पावडर चादरी, टॉवेल आणि पांढऱ्या कपड्यांसाठी ठेवा. पिवळी राहिली किंवा जेमतेम केशरी झाली, तर ती रंगीत कपड्यांना चालेल. लोकरीच्या आणि नाजूक कपड्यांसाठी म्हणून मिळणारी लिक्विड बहुधा या दुसऱ्या गटात बसतात. रोजच्या रंगीत सुती कपड्यांनाही ती बिनधास्त वापरा.

२. चकाकी बघा

‘शुभ्र चमक’ देणाऱ्या पावडरीत एक द्रव्य असतं. ते कापडावर बसून राहतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांना निळसर उजेडात बदलतं. पांढरा कपडा त्यामुळे आणखी पांढरा दिसतो, पण मोतिया, पिस्ता, फिकट गुलाबी यांचा मूळ रंगच बदलल्यासारखा वाटतो. ओळखीच्या दुकानदाराकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल, तर काळ्या कापडावर चिमूटभर पावडर ठेवून त्याखाली धरा. निळसर-पांढरी चमकली, तर त्यात हे द्रव्य आहे.

३. पाकीट वाचा

ब्लीच किंवा ऑक्सिजनच्या ताकदीची जाहिरात असेल, तर रंगीत कपड्यांसाठी ते पाकीट नको. लिक्विडमध्ये ब्लीच टिकत नसल्यामुळे सहसा घालत नाहीत, हा लिक्विडचा मोठा फायदा. खास रंगीत कपड्यांसाठी बनवलेल्या काही डिटर्जंटमध्ये आणखी दोन गोष्टी असतात. एक, सुटलेला रंग पाण्यातच धरून ठेवणारं द्रव्य, म्हणजे तो दुसऱ्या कपड्यावर बसत नाही. दुसरं, सुती कापडावर उठलेली बारीक लव काढणारं एन्झाइम. काळा टीशर्ट पुष्कळदा विटलेला नसतोच, त्या लवेमुळे तो भुरका दिसतो.

४. पाणी कोणतं?

जत, आटपाडीकडच्या बोअरच्या जड पाण्यात तेलापासून केलेल्या साबणाची वडी फेस धरत नाही. पाण्यातल्या क्षारांशी मिळून तिचा करडा साका होतो आणि तो गडद कपड्यावर बसतो. अशा पाण्यात डिटर्जंटच बरं, आणि शेवटची खळबळणी भरपूर पाण्यात.

५. वापरताना

गार पाणी घ्या, कपडे उलटे करा, पावडर आधी पूर्ण विरघळवा. जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ, हे खरं नाही. उरलेली पावडर पांढऱ्या रेघा होऊन दिसते. ब्रश फक्त कॉलरला आणि बाह्यांच्या कडांना, तोही हलक्या हातानं. वाळवायला सावली. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन रंगाला कुठल्याही पावडरीपेक्षा कमी मारत नाही.

नवा कपडा असेल, तर आतल्या शिवणीवर ओला पांढरा फडका घासून बघा. फडक्याला रंग लागला, तर तो कपडा वेगळाच धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवायची पद्धत घरोघरी आहे, पण कारखान्यात कच्चा राहिलेला रंग घरच्या मिठानं पक्का होत नाही.

गडद रंगाच्या रेशमी इरकलीला मात्र मी रिठ्याशिवाय काही लावणार नाही. रिठे फोडून बिया काढा, टरफलं रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून पाणी गाळा, त्यात साडी बुडवून हलकेच हलवा आणि लगेच खळबळून काढा. फिक्या साडीला हे करू नका, रिठ्याचा तपकिरी रंग तिच्यावर चढतो.