प्रयोगशाळा नव्या जागेत लावताना आधी उन्हाचा विचार करा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डायएथिल ईथर हे सहज पेटणारं द्रावक (इतर पदार्थ विरघळवणारा द्रव) साधारण ३५ अंशांनाच उकळतं. म्हणून खोकी उघडण्याआधी द्रावकांच्या कपाटाची जागा ठरवा: पश्चिमेच्या भिंतीला नको, पत्र्याखाली तर नकोच. घरगुती फ्रिजही नको, त्याच्या थर्मोस्टॅटची ठिणगी वाफ पेटवायला पुरते. ज्वलनशील पदार्थांसाठी बनवलेलाच फ्रिज घ्या. नायट्रिक आम्ल ॲसिटोन-अल्कोहोलपासून वेगळ्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवा. फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढून नेणारं कपाट, तपासून घ्या.

डोळे धुण्याच्या नळाला सलग १५ मिनिटं पाणी आलं पाहिजे. आपल्याकडे गच्चीवरची टाकी तापते, म्हणून ते पाणी भर दुपारी थर्मामीटरने मोजा. ३८ अंशांच्या वर गेलं तर डोळ्यांना इजा होऊ शकते. टाकीवर लगेच सावली करून घ्या.