ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण: या चुका टाळा

फॉर्म भरला, बटण दाबलं, कन्सोलमध्ये एकही एरर नाही, आणि डेटाबेसमध्ये मात्र रिकामी रो. अशा वेळी बरेच जण कोडमध्ये इकडेतिकडे बदल करून रिफ्रेश मारत बसतात. त्याआधी डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, ती रिक्वेस्ट निवडा आणि पेलोडमध्ये (पाठवलेल्या डेटात) काय गेलं, रिस्पॉन्समध्ये (सर्व्हरच्या उत्तरात) काय आलं ते वाचा. डेटा निघालाच नसेल तर चूक पेजवर आहे. नीट निघूनही पलीकडे सापडत नसेल तर सर्व्हरवर शोधा.

नवशिक्यांचा मोठा गैरसमज म्हणजे पीएचपी आणि जावास्क्रिप्ट एकाच फाइलमध्ये लिहिलंय, म्हणून ते एकत्रच चालतं. पीएचपी सर्व्हरवर चालतं, जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये; पेज ब्राउझरपर्यंत पोचतं तोवर पीएचपीचं काम उरकलेलं असतं. क्लिक झाल्यावर पीएचपीचं व्हेरिएबल बदलायला ते जागेवर असतंच कुठे? नवी रिक्वेस्टच पाठवावी लागते. उलट दिशेने, पेज बनतानाच पीएचपीतली व्हॅल्यू स्क्रिप्टमध्ये उतरवता येते, पण अवतरण चिन्हांत नुसतं एको करू नका, म्हणजे ती तशीच छापू नका. एखाद्या नावात अ‍ॅपॉस्ट्रॉफी आली की स्क्रिप्ट मोडते, आणि कोणी मुद्दाम कोड घुसवला तर तो चालतोसुद्धा. पीएचपीचं जेसन-एन्कोड हे फंक्शन वापरा; ते व्हॅल्यू जेसनमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टला वाचता येणाऱ्या मजकुरात बदलतं. स्ट्रिंगभोवती अवतरण चिन्हं ते स्वतःच लावतं, तुम्ही आणखी लावू नका. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये याच कामासाठी जेसन-स्क्रिप्ट हा फिल्टर आहे.

आता अख्खी दुपार खाणारी चूक. फेचने (जावास्क्रिप्टचं रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) जेसन पाठवलं, कंटेंट-टाइप (बॉडी, म्हणजे पाठवलेला मजकूर, कोणत्या प्रकारचा ते सांगणारं हेडर) बरोबर दिला, पेलोड ठणठणीत दिसतोय, तरी पीएचपीतला पोस्ट अ‍ॅरे रिकामा! कारण तो अ‍ॅरे दोनच प्रकारच्या बॉडीतून भरला जातो: साधा यूआरएल-एन्कोडेड फॉर्म आणि मल्टिपार्ट (फाइल्सही नेणारा, तुकड्यांत पाठवलेला फॉर्म). जेसन आलं तर पीएचपी त्याला हात लावत नाही. ‘पीएचपी://इनपुट’मधून कच्ची बॉडी वाचा आणि ती जेसन-डीकोडला द्या, दुसरं आर्ग्युमेंट ट्रू ठेवलं की असोसिएटिव्ह अ‍ॅरे मिळतो. नोडवाल्यांनी, म्हणजे सर्व्हरवरही जावास्क्रिप्ट चालवणाऱ्यांनी, हसू नये. नोडच्या एक्स्प्रेस फ्रेमवर्कमध्ये जेसनचं मिडलवेअर (रिक्वेस्ट राउटपर्यंत, म्हणजे तिला उत्तर देणाऱ्या कोडपर्यंत, पोचण्याआधी चालणारा कोड) लावलं नाही, तर रिक्वेस्टची बॉडी रिकामीच येते. बऱ्याचदा ते लावलेलं असतं, पण राउट्सच्या खाली, आणि माणूस शपथेवर सांगतो की ‘लावलंय की!’

फॉर्मडेटा (फॉर्म मल्टिपार्टमध्ये नेणारा जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट) पाठवताना नेमकं उलटं. तिथे कंटेंट-टाइप हाताने लिहायचा नाही. मल्टिपार्टचे तुकडे वेगळे करणारी बाउंडरी ब्राउझर ठरवतो आणि हेडरमध्ये तोच घालतो. तुम्ही हेडर स्वतः लिहिलंत की ती बाउंडरी गळते आणि सर्व्हरला फाइल कुठून सुरू होते तेच कळत नाही.

साध्या फॉर्ममधून एखादंच फील्ड गायब होत असेल तर आधी त्याला नेम आहे का ते बघा; नुसता आयडी चालत नाही. डिसेबल्ड फील्ड जात नाही, टिक न केलेला चेकबॉक्सही जात नाही.

‘अनएक्स्पेक्टेड टोकन <’ ही एरर दिसली तर जेसन पार्सरला दोष देऊ नका. सर्व्हरने जेसनऐवजी एचटीएमएल पाठवलंय: एरर पेज, नाहीतर सेशन संपल्यामुळे आलेलं लॉगिन पेज. रिस्पॉन्स टॅबमध्ये ते सरळ वाचता येतं. इथे फेचचा एक स्वभाव नडतो. ४०४ (पेज सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरवर चूक) आला तरी त्याचं प्रॉमिस रिजेक्ट होत नाही, म्हणजे फेच ते अपयश मानत नाही, त्यामुळे कॅच ब्लॉक ढिम्म राहतो. रिस्पॉन्सचं ‘ओके’ तपासून मगच पार्स करा.

टाइपची गडबड याहून छुपी, कारण एरर येतच नाही. फॉर्ममधून आलेलं सगळं स्ट्रिंग असतं. ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग दोन्हीकडे ट्रू धरली जाते, आणि ‘०’ ही स्ट्रिंग जावास्क्रिप्टमध्ये ट्रू, पीएचपीत फॉल्स! मोठ्या आयडींचं तर विचारूच नका. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने धरतो. सर्व्हरने ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला तर पार्स झाल्यावर शेवटी २ दिसतो, आणि तुम्ही भलत्याच रेकॉर्डवर अपडेट चालवता. ६४ बिटी आयडी जेसनमधून स्ट्रिंग म्हणूनच पाठवावेत.

पोस्टमनमधून (रिक्वेस्ट पाठवून बघायचं टूल) चालतं पण ब्राउझरमधून अडतं, तर बहुधा कॉर्सचा, म्हणजे एका साइटच्या पेजला दुसऱ्या साइटचा रिस्पॉन्स वाचू द्यायचा की नाही या नियमाचा, अडसर असतो. ही अट ब्राउझर पाळतो, पोस्टमन नाही. परवानगीचं हेडर सर्व्हरने द्यायचं असतं. फेचला ‘नो-कॉर्स’ मोड लावल्याने एरर जाते खरी, पण रिस्पॉन्स वाचताच येत नाही.

आणि हिडन फील्डमध्ये किंमत ठेवून ती तशीच बिलात घेणं बंद करा. डेव्हलपर टूल्स उघडून ती कोणीही बदलू शकतो. जावास्क्रिप्टमधलं व्हॅलिडेशन त्याला अडवत नाही. ब्राउझरकडून वस्तूचा आयडी आणि नग एवढंच घ्या, नग शून्याहून मोठा आहे ना ते सर्व्हरवर पुन्हा तपासा, आणि दर आपल्याच टेबलातून वाचा.