मुळेच्या काठाने ताम्हिणीच्या झाडीत: सायकलवर एका दिवसात कसं जाऊन यावं

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेला निघालं की पिरंगुटच्या पुढे मुळा नदी सोबतीला येते, मग मुळशीचं पाणी दिसायला लागतं आणि ऊन चढायच्या आत तुम्ही ताम्हिणीच्या झाडीत असता. पुण्यातल्या जुन्या सायकलवाल्यांना हा रस्ता पाठ आहे. नव्याने जाणाऱ्यांचा मात्र एक हिशोब हमखास चुकतो, तो म्हणजे परतीचा. ताम्हिणी घाट कोकणात उतरतो, म्हणजे कष्ट सगळे येताना. म्हणून या राइडची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करायची.

आधी परत फिरायची जागा ठरवा

चांदणी चौकातून मोजलं तर पौड साधारण 22 किलोमीटर, मुळशी धरणाचा परिसर 35 च्या आसपास आणि ताम्हिणी गाव 50 च्या आसपास. याआधी एका दमात 40 किलोमीटर चालवलं असेल तर पौडवरून फिरा. 70 झाले असतील तर मुळशी. शंभरी गाठायची तर ताम्हिणी गाव, आणि पायात जोर उरला असेल तर आणखी थोडं पुढे डोंगरवाडी, प्लस व्हॅली नावाच्या दरीच्या कठड्यापर्यंत.

तिथून खाली घाटाच्या पायथ्याच्या विळे गावापर्यंतचा उतार मोहात पाडतो. पहिल्या वर्षी मी त्या मोहात पडलो. ऑक्टोबर होता, सकाळचे साडेदहा वाजले होते, रस्ता कोरडा होता. हात ब्रेकवर ठेवून खाली सुटलो. सुमारे 500 मीटर उंचीचा उतार कधी संपला कळलं नाही. वर येताना मात्र ऑक्टोबर हीट काय असते ते कळलं. झाडांची सावली संपली की डांबर तापलेलं, दोन्ही बाटल्या रिकाम्या आणि मांड्यांत गोळे. एका टेम्पोवाल्या दादांनी सायकल मागे टाकून वर आणून सोडलं. तेव्हापासून माझा नियम आहे: वर परत चढायला दोन तास आणि दोन भरलेल्या बाटल्या हाताशी नसतील, तर कठड्यावरून दरी बघायची आणि सायकल वळवायची. माणगावहून गाडीने परतायची सोय आधीच केली असेल तर गोष्ट वेगळी, मग घाट खुशाल उतरा.

महिना निवडा

लोक जुलैत जातात, कारण धबधबे तेव्हा असतात. पण शनिवार-रविवारी गाड्यांची रांग, धुक्यात न दिसणारी वळणं, मधूनच आलेली दरड आणि वर पश्चिमेचा वारा थेट छातीवर. पर्यटनाच्या ठिकाणी प्रशासन बंदीचे आदेश काढतं, तेही निघण्याआधी बघावे लागतात. पावसातच जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा आणि मुळशीवरून फिरा.

माझ्या मते या रस्त्याचा खरा काळ म्हणजे गणपती गेल्यानंतरपासून दिवाळीपर्यंतचे आठवडे. ओढे वाहते असतात, भातखाचरं पिवळी पडायला लागलेली असतात, गर्दी ओसरलेली असते. डिसेंबर-जानेवारीत थंडी छान, पण नदीकाठी पहाटे बोटं बधिर होतात, पूर्ण हातमोजे घ्या. मार्चनंतर पहाटे निघून पौड गाठावं आणि परत यावं, पुढचा हट्ट नको.

सायकल आणि सामान

28 मिलिमीटर रुंदीचे टायर या रस्त्याला पुरतात. वजन 70 किलोच्या आसपास असेल तर हवा 70 ते 75 पीएसआय, रस्ता ओला असेल तर पाचेक कमी. मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांच्या संचात, 32 दातांचं चक्र असेल तर परतीचे चढ बसून काढता येतात. ब्रेक पॅड निघायच्या आदल्या दिवशी बघा, निघताना नव्हे.

सोबत दोन स्पेअर ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, पुढचा-मागचा दिवा आणि थोडी रोख. निवे गावाच्या पुढे मोबाइलला रेंज भरवशाची नाही, म्हणून नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि परतायची वेळ घरी सांगून निघा.

पहाटे साडेपाचला निघा

हे वेळेचं पथ्य पाळलं तर निम्मं काम झालं. भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा छोटा घाट. हा जाताना उतार आहे, येताना चढ. पिरंगुटच्या औद्योगिक भागात ट्रकची वर्दळ उजाडल्यावर वाढते, त्याआधी तिथून पार व्हा.

पंक्चर झालंच तर बहुधा याच पट्ट्यात होतं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी पोलादी तार कडेच्या धुळीत पडलेली असते. ट्यूब बदलायच्या आधी टायर आतून पूर्ण चाचपा. बोटाने नको, तार बोटात घुसते. फडकं फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार. ती उलट्या बाजूने ओढून काढा. हे न करता नवी ट्यूब घातली तर ती दोन किलोमीटरवर बसलीच म्हणून समजा.

पौडला थांबून पोटात काहीतरी टाका. पोहे, वडापाव, केळी, जे मिळेल ते. भूक लागायची वाट बघू नका. बाटल्या इथे भरा, आणि पुढेही पाणी दिसेल तिथे भरा; तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतंच.

नदीकाठ

पौड ते मुळशी हा या राइडचा सगळ्यात शांत तुकडा. नदी कधी झाडांआड जाते, कधी शेताच्या बांधापलीकडे चमकते. इथे वेग धरू नका, हलका गिअर ठेवून पाय फिरते ठेवा. सकाळी गुरं रस्त्यावर येतात. घंटी वाजवून त्यांना बिथरवण्यापेक्षा हळू व्हा आणि गुराख्याला आवाज द्या, तो वाट करून देतो.

मग धरण. मुळा खरं तर पूर्वेची नदी. तिचं पाणी भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारं. टाटांच्या या धरणाने ते अडवून पश्चिमेला वळवलं. डोंगरातून ते खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. या पाण्याखाली मावळातली गावं आणि भाताची खाचरं गेली. 1921 साली त्याविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांचं नाव त्याच लढ्याने घराघरांत पोचलं. मी दर वेळी या पाण्यापाशी पाच मिनिटं सायकल उभी करतो. तुम्हीही करा.

जंगलात चालवताना

निव्याला लोणावळ्याकडे जाणारा फाटा फुटतो, तो सोडून सरळ. इथून झाडी दाटते. ताम्हिणी अभयारण्याचा हा परिसर. शेकरू फांद्यांवरून उड्या मारताना दिसतं, पावसाळ्यात शीळकरी कस्तुर पक्ष्याची लांबलचक शीळ ऐकू येते. म्हणून स्पीकर नको, कानात गाणी तर मुळीच नकोत. मागून येणारी गाडी इथे आधी ऐकू येते, मग दिसते.

सावलीतल्या वळणांवर कडेला शेवाळाचा हिरवट पट्टा असतो. ऑक्टोबरातही तो ओला राहतो. चाक त्यावर नेऊ नका, कडेपासून हातभर आत चालवा. ब्रेक वळणाच्या आधी दाबून संपवा, वळणात दाबला तर मागचं चाक सरकतं. रिम ब्रेक (चाकाच्या कडीवर दाबणारे) असतील आणि रस्ता ओला असेल तर आधी हलकेच दोनदा टेकवा, रिमवरचं पाणी पुसलं जातं, मग पकड येते.

ताम्हिणी गावात विंझाई देवीचं देऊळ आहे, आजूबाजूला जुनी झाडं. तिथली सावली घ्या, पण खाण्याचा कागद खिशातच ठेवा. एकदा पुढे निघालो होतो तर टपरीवरच्या मावशींनी अडवलं, "खाली धुकं दाटलंय बाळा, जरा थांब, चहा घे." अर्ध्या तासाने पडदा सरकावा तशी दरी मोकळी झाली. घाटाच्या हवेबद्दल फोनपेक्षा इथल्या माणसांवर विश्वास ठेवा.

परत येताना

नऊच्या आत सायकल वळवा. दर अर्ध्या तासाने दोन घोट आणि काहीतरी खाणं: चिक्की, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. मुळशीपर्यंत लहान लहान चढ-उतार लागतात आणि तिथेच लोक जोर संपवतात. तो राखून ठेवा. पिरंगुटचा घाट शेवटी येतो, तोपर्यंत ऊन डोक्यावर आणि गाड्या बाजूला असतात. सगळ्यात हलका गिअर टाका, डावीकडची कड धरा, श्वास मोडू देऊ नका. भुकूमला ऊस किंवा लिंबू सरबत, आणि मग चांदणी चौकाची शेवटची चढण.

घरी पोचल्यावर आडवं होण्याआधी चेन पुसून तेलाचा हात फिरवा आणि ब्रेक पॅडमध्ये रुतलेले खडे पिनेने काढा. सुकले की ते पुढच्या राइडला रिम खातात.